तंटामुक्त समिती खरोखर चालवायची असेल तर

एका गावाच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी आहे. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर दोन भावकींनी एकमेकांच्या शेतरस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. पाटी खोटी नव्हती. ज्या वर्षी गावाला पुरस्कार मिळाला, त्या वर्षी गावाने खरोखर तंटे मिटवले होते. पुढे बक्षीस संपलं, अध्यक्ष बदलले, नोंदवही कुणाच्या तरी कपाटात गेली.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातले दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत आणि नवे उभे राहू नयेत, ही कल्पना. चांगल्या गावांना लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. या मोहिमेसाठी गावागावात तंटामुक्त समिती असते; मी अशा समितीत सात वर्षं होतो, त्यातली तीन अध्यक्ष म्हणून. खाली लिहिलेलं बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: समितीने निकाल द्यायचा नाही. कोण बरोबर, कोण चूक, कुणी दंड भरायचा, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. दोन माणसांना बोलण्यासाठी जागा, वेळ आणि साक्षीदार द्यायचे, एवढंच तुमचं काम. ज्या दिवशी समिती निवाडे देऊ लागते, त्या दिवशी ती जातपंचायत होते, भले तिच्यात सगळ्या जातींची माणसं असोत.

माणसं कोणती घ्यायची

समिती ऑगस्टमधल्या ग्रामसभेत निवडली जाते, आणि कित्येक गावांत वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण याच निवडीवरून होतं. हात वर करून मतदानावर जाऊ नका. मतदानात हरलेला गट पुढे वर्षभर समितीसमोर येत नाही, म्हणजे निम्मं गाव आपोआप बाद. ग्रामसभेच्या आधी आठ दिवस दोन्ही पार्ट्यांच्या दोन-दोन माणसांना बसवून नावं ठरवा आणि ग्रामसभेत एकमताने मांडा.

अध्यक्ष कसा असावा? ज्याच्या ओट्यावर दोन्ही पार्ट्यांची माणसं चहाला थांबतात असा. वक्ता नसला तरी चालेल, ऐकून घेणारा हवा. ज्याचा स्वतःचा बांधाचा दावा तहसीलमध्ये पडून आहे, तो नको. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभा राहणार आहे, तोही नको. निवृत्त तलाठी गावात असेल तर त्याला काहीही करून घ्या. फेरफार कसा वाचायचा हे माहीत असलेला एक माणूस दहा पुढाऱ्यांच्या बरोबरीचा असतो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं ठरलंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं.)

पोलीस पाटील निमंत्रक म्हणून असतात, बीट अंमलदार (आपल्या भागाचा पोलीस) येऊन-जाऊन असतो. प्रत्येक वाडी-वस्तीचा आणि प्रत्येक समाजाचा माणूस हवा, आणि तो फोटोपुरता नको. बचत गटातल्या दोन-तीन बायका असल्याच पाहिजेत. कुठल्या घरात धुसफूस सुरू आहे हे त्यांना आपल्याआधी महिनाभर कळलेलं असतं, आणि तंटा होण्याआधी थांबवायचा असेल तर तो एक महिना सगळ्यात मोलाचा.

कागदावर समिती वीसेक जणांची असली तरी एकेका तंट्याला वीस जण बसवू नका. तिघे पुरे: एक या बाजूच्या विश्वासातला, एक त्या बाजूच्या, आणि तिसरा दोघांशी काही देणंघेणं नसलेला. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तिघांचंच मंडळ सांगितलं आहे. त्या ऑक्टोबरात पहिल्या टप्प्यात लागू झालेल्या कलमांत ते प्रकरण नव्हतं. आज काय स्थिती आहे ते तालुका विधी सेवा समितीत विचारून घ्या. तिघांचा हिशेब मात्र कायद्याविनाही लागू पडतो.

काय हातात घ्यायचं नाही

हे आधी ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाका, म्हणजे ऐनवेळी दबाव आला तर बोट दाखवायला काही तरी असतं. बलात्कार, विनयभंग, मुलांवरचे अत्याचार, अ‍ॅट्रॉसिटी, हुंड्यासाठी छळ, खून वा खुनाचा प्रयत्न: यांतलं काहीही समितीसमोर येणार नाही. ‘गावाची अब्रू जाईल’ म्हणत कुणी ओट्यावर आलं तर त्याला चहाही देऊ नका. पीडित व्यक्तीबरोबर पोलीस ठाण्यात जायला माणूस द्या. नवऱ्याने बायकोला मारणं हा ‘घरगुती तंटा’ म्हणून नोंदवून मिटवल्याचे आकडे काही गावांनी मोठ्या अभिमानाने मिरवले. तो तंटा मिटलेला नसतो, बाई गप्प झालेली असते.

मिटवण्याजोगे गुन्हे कोणते, याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२०). साधी दुखापत, शिवीगाळ, दुसऱ्याच्या शेतात बेकायदा शिरणं असे गुन्हे त्यात येतात. काहींना न्यायालयाची परवानगी लागते. गुन्हा एकदा दाखल झाला की समिती तो ‘मागे घेऊ’ शकत नाही. तडजोड फिर्यादीने करायची आणि न्यायालयापुढे करायची. समिती फार तर दोघांना एका जीपमधून तालुक्याला नेऊ शकते, आणि हेही काही कमी काम नाही.

आणखी एक लाल रेघ. दंड, गावजेवण, नाक घासणं, ‘याच्याशी कुणी बोलायचं नाही’, दुकानातून माल बंद, यांतलं काहीही सुचवलं तरी तुम्ही स्वतः गुन्हेगार होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जो तडजोड नाकारतो तो गावाचा शत्रू नाही. त्याला कोर्टात जायचा हक्क आहे, आणि तो बजावताना त्याची पिठाची गिरणी बंद होता कामा नये.

नोंदवही

एक जाड वही, पानांवर आकडे घातलेली. दर तंट्याला एक पान: तारीख, दोन्ही बाजू, वाद कशाचा, कुठे दाखल आहे का, आणि पुढची तारीख कुठली. ‘पुढची तारीख’ हा रकाना मोठा ठेवा, कारण समित्या मरतात त्या याच रकान्यात. वर्षाच्या सुरुवातीला पोलीस ठाण्यातून गावच्या एनसींची यादी मागा आणि तहसीलमधून रस्त्याचे व बांधाचे प्रलंबित दावे. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, ही फार उपयोगाची गोष्ट. तिच्यावर पोलीस सहसा काही करत नाहीत, पण एकाच घराविरुद्ध वर्षात तीन एनसी दिसल्या तर चौथ्या वेळी कुऱ्हाड निघणार असं समजा. तिथे कुणी न बोलावता जा.

बांधाचा तंटा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्याकडे आलेल्या तंट्यांत निम्म्याहून जास्त बांध आणि शेतरस्त्याचे होते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

दोघं चुलतभाऊ. धाकट्याची तक्रार अशी, की थोरला दरवर्षी बांध कोरतो. थोरला म्हणे, बांध होता तिथंच आहे.

पहिली बैठक एकत्र घेऊ नका. दोघांना वेगवेगळं भेटा, आणि त्यांच्या शेतात भेटा. ओट्यावर माणूस भूमिका मांडतो, शेतात मात्र अडचण दाखवतो. आम्ही थोरल्याच्या शेतात उभे राहिलो तेव्हा लक्षात आलं की त्याच्या कोपऱ्यावर उसाची ट्रॉली वळत नाही. ट्रॅक्टरवाला दर हंगामात बांधावरून चाक घालायचा आणि नंतर थोरला तेवढी जागा नांगरून सपाट करायचा. सहा वर्षं भांडण बांधाचं चाललं होतं, आणि ते खरं म्हणजे ट्रॉलीच्या वळणाचं होतं. ‘कोणाचं चुकलं’ असं कधीच विचारू नका. ‘तात्या, तुम्हाला नक्की काय नडतंय?’ असं विचारा आणि मग गप्प बसा.

दुसरी पायरी कागदांची. दोघांचे सातबारा, जुने फेरफार, गटाचा नकाशा काढा. भावकीत एखादी तोंडी वाटणी झालेली असते, जी सातबाऱ्यावर कधीच चढलेली नसते. इथे तो निवृत्त तलाठी कामाला येतो.

तिसरी पायरी मोजणी, पण मोजणीच्या आधी एक करार. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करावा आणि फी निम्मी-निम्मी भरावी. एकट्याने मोजणी आणली की दुसऱ्याला ती ‘पैसे देऊन केलेली’च वाटते. भूकरमापक येण्याआधी दोघांकडून लिहून घ्या: निघेल ती खूण मान्य; मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागायची; पण तोवर कुणीही त्या पट्ट्यात नांगर घालायचा नाही. मोजणीच्या दिवशी तिघांनी हजर राहायचं, खुणांचे दगड त्याच दिवशी रोवायचे आणि नकाशाची क प्रत दोघांच्या हातात आल्याशिवाय तंटा ‘मिटला’ असं लिहायचं नाही.

चौथी पायरी, मूळ अडचणीवर तोड. आमच्या प्रकरणात बांध निघाला धाकट्याच्या बाजूने, साधारण दोन हात. पण ट्रॉली वळायचा प्रश्न तसाच होता. शेवटी धाकट्याने कोपऱ्यावरची तिकोनी जागा हंगामापुरती वळायला द्यायची आणि थोरल्याने त्याच्या पाइपलाइनला आपल्या शेतातून वाट द्यायची, असं दोघांनी आपापसांत ठरवलं. तोड समितीने सुचवली असती तर ती एका पावसाळ्यात मोडली असती. दोघांपैकी कुणी तरी ती काढेपर्यंत थांबणं हेच सगळ्यात अवघड काम. तिसऱ्या बैठकीला माझा संयम सुटला होता, मी थोरल्याला आवाज चढवून बोललो, आणि पुढचे दोन महिने तो आलाच नाही.

बैठकीची वेळ संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावरची ठेवा, फार उशिराची नको. रात्री कुणी तरी पिऊन येतोच. जागा शाळेच्या व्हरांड्यात बरी. कुणाच्या घरी नको, आणि जिथे एखाद्या समाजाच्या माणसाला पायरीशी उभं राहावं लागतं अशा देवळात तर अजिबात नको. आधी तक्रार करणाऱ्याने बोलायचं आणि दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, मग उलट. मेलेल्या माणसांवरून, आई-बापावरून विषय गेला की थांबवा आणि चहा मागवा. बघे जमू देऊ नका. गर्दीसमोर कुणालाही माघार घेता येत नाही.

आता एक इशारा. समितीत बोलणी चालू असताना कायद्याची मुदत थांबत नाही. शेतरस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मी एकदा एका म्हाताऱ्याला ‘थांबा, मिटवू’ म्हणत सात महिने थांबवलं. मिटलं नाही, आणि मुदतही गेली. मग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागायचा लांबचा मार्ग धरावा लागला. तेव्हापासून पहिल्याच बैठकीत सांगायची सवय लावली: अर्ज करायचा असेल तर करून ठेवा, बोलणी आपण चालू ठेवू.

आणि ज्यांनी एकमेकांची जमीन वर्षानुवर्षं कसली आहे, म्हणजे नाव एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा असा उलटापालटीचा घोळ आहे, त्यांच्यासाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार, एवढंच. योजना ठराविक मुदतीची असते, तेव्हा ती चालू आहे का हे तहसीलमध्ये आधी विचारा.

मिटलं की लिहायचं कसं

‘आमचा आपसांत समझोता झाला, आता तक्रार नाही’ एवढ्या ओळीचा काही उपयोग नाही. कुणी, काय, कधीपर्यंत करायचं, हे लिहा. ‘मार्चअखेर कुंपण काढणार’ असं. भाषा दोघांना कळेल अशी, वाचून दाखवलेली. सह्या दोघांच्या आणि तिघा साक्षीदारांच्या, प्रत दोघांना.

पण त्या कागदाला भलतं वजन देऊ नका. स्टॅम्पवर लिहून नोटरी केलं म्हणजे जमीन नावावर झाली, हा गैरसमज गावोगाव आहे. वाटणी असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे जा, हस्तांतर असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. दावा कोर्टात चालू असेल किंवा होण्यासारखा असेल तर तडजोड लोकअदालतीत ठेवा. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते. दाखल न झालेलं प्रकरणही तालुका विधी सेवा समितीमार्फत तिथे नेता येतं.

सण आणि मिरवणुका

गणपतीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते: तीच पंधरा माणसं, चहा-बिस्किटं, साहेबांबरोबर फोटो. भांडण करणारी पोरं त्या खोलीत कधीच नसतात.

भिवंडीचं उदाहरण म्हणूनच अजून सांगितलं जातं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. पुढाऱ्यांऐवजी यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले असे दोन्ही समाजांचे साधे लोक. विषय नळाचा, गटाराचा, उधारीचा, रोजचाच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईने नंतर तो धडा घेतला, आणि ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश साहनी यांच्यासारख्यांनी तिथे मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली. दुसरी बाजूही सांगायला हवी: २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पुन्हा हिंसा झाली आणि दोन पोलिसांचे जीव गेले. कमिटी दर महिन्याला बसली तरच ती कमिटी.

गावात याचा अर्थ असा: मिरवणुकीच्या तीन आठवडे आधी मंडळांची पोरं आणि मशिदीच्या आळीतली पोरं एकत्र मार्ग चालून या. कुठे वायर खाली आहे, कुठे दवाखाना आहे, नमाजची वेळ कुठली, कुठल्या चौकात वाद्य बंद, रात्री दहानंतर काय, हे सगळं रस्त्यावर उभं राहून ठरतं. दोन सण एकाच दिवशी आले तर लवकर बोला. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले, तेव्हा मुस्लिम संघटनांनी मिरवणुका दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि शासनाने सुट्टी २९ ला नेली. असं बोलणं आधी होतं, म्हणून त्या दिवशी बातमी होत नाही.

अफवा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, आणि तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन. जी जागा गावाची म्हणून सुरक्षित वाटायला हवी, तीच.

तुमच्या समितीने एवढं आधीच ठरवून ठेवा: असा प्रसंग आला तर ११२ ला फोन कोण करणार, दारात कोण उभं राहणार (किमान पाच जण, त्यात बायका हव्यातच), आणि गावच्या ग्रुपवर ‘थांबा’ कुणाच्या नावाने जाणार. नावं लिहून ठेवा. त्या दहा मिनिटांत सभा घेता येत नाही.

दोन गावांचा वाद

कालव्याच्या पाण्याची पाळी, यात्रेतल्या काठीचा मान, गायरानाची हद्द. इथे एका गावची समिती म्हणजे एक पक्षकारच. दोन्ही समित्यांतले दोन-दोन आणि तिसऱ्या गावचा एक असे पाच जण बसवा, शक्यतो तिसऱ्याच गावात. पाण्याचा वाद असेल तर पाणी वापर संस्थेला आणि कालवा निरीक्षकाला बोलवा, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पहिलं बोलू द्या. हेडचा, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचा, माणूस बोलत राहिला की टेलचा उठून जातो, आणि रात्री गेट फुटतं. मारामारीची लक्षणं दिसत असतील तर पोलिसांपासून लपवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खालच्या, शांतता राखण्याची हमी मागणाऱ्या नोटिशीने गावाची बदनामी होत नाही. उलट तापलेल्या पोराला घरी बसायला तेवढं निमित्त पुरतं.

वर्ष संपताना

अध्यक्ष बदलला की वही ग्रामसभेत सर्वांसमोर नव्याच्या हातात द्या. अर्धवट तंटे मोठ्याने वाचून दाखवू नका, पानांचे आकडे तेवढे सांगा.

आणि मिटलेल्या तंट्यांकडे पुन्हा जा, विशेषतः बांधाच्या. पहिल्या नांगरटीनंतर आणि मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खुणेचे दगड बघून या. मातीबरोबर दगड सरकतो, कधी फाळ लागून आडवा होतो, आणि दोन्ही घरांना वाटतं की समोरच्यानेच सरकवला. क प्रत बरोबर न्या, दोघांना हाक मारा, आणि त्यांच्यासमोर तो पुन्हा उभा करा.